वीसच्या आतली पोरं

आधी एक आकडा ऐका. वीस.

या महाराष्ट्रात गरिबाच्या पोराला शाळा मिळणार की नाही हे हल्ली या आकड्यावर ठरतं. एकवीस पोरं असली की ती शाळा. एकोणीस असली की तो सरकारच्या डोक्यावरचा खर्च. पोर तेच, पाटी तीच, भूक तीच. पण एका पोराचा बाप वीटभट्टीवर निघून गेला नि वीसचे एकोणीस झाले की वरच्या साहेबाचा पेन फिरतो.

तारखा घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये हा आकडा दहा होता. दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून पोरं दुसऱ्या शाळांत ढकलायचं ठरलं. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांचं पत्र सुटलं: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायच्या आहेत, प्रस्ताव पाठवा. त्या वेळचा सरकारी हिशेब असा: अशा शाळा १४,७८३, त्यांतली पोरं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. बोंबाबोंब झाली तेव्हा मंत्री म्हणाले, एकही शाळा बंद होणार नाही. बरं. मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. कुठल्या शाळेला किती मास्तर मंजूर, हे ज्या कागदावर ठरतं त्याला संचमान्यता म्हणतात. त्या संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी पोरं असतील तर मंजूर शिक्षक किती? शून्य.

कळलं का? शाळा बंद केली नाही. मास्तर तेवढा काढला. विहीर बुजवली नाही, दोर कापून नेला. मग पोर कोरड्या विहिरीवर किती दिवस उभं राहील? ते जातं. पट आणखी घसरतो. आणि साहेब म्हणतो, बघा, लोकांनाच शाळा नकोय.

मी हे लिहितोय तो कोणी शिक्षणतज्ज्ञ नाही. दहावी पास. बंदरावर लॅशिंगच्या टोळीत आहे. म्हणजे जहाजावर चढवलेल्या पेट्या लोखंडी सळयांनी आवळायच्या, बोट लागली की त्या सोडवायच्या. पाळीच्या मधल्या वेळात कविता लिहितो. कर्जत तालुक्यातल्या बौद्धवाड्यात वाढलो. नगरकडचं कर्जत नव्हे, आमचं रायगडचं, लोकल जिथं संपते ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. एवढाच माझा अधिकार, आणि तो पुरे आहे.

कोणी म्हणेल, बौद्धवाड्यातला पोरगा कातकऱ्या-ठाकरांच्या शाळांसाठी कशाला घसा कोरडा करतो? त्याने १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून वाचावा. दलित कोण, या यादीत आदिवासी आहे, भूमिहीन आहे, कामगार आहे, बाई आहे. ज्याला ती यादी विसरायचीय त्याने जयंतीच्या डीजेपुढे नाचत बसावं.

आता ही वीसच्या आतली पोरं कोण? कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके डोळ्यांपुढे आणा. मुंबईकरांना ते माहीत आहेत. पावसाळ्यात धबधब्याखाली ओरडायला येतात, माथेरानला जाताना नेरळला उतरतात, शनिवार-रविवार फार्महाऊसवर कोंबडी भाजतात. २००२ साली पुरा झालेला एक्सप्रेस-वे खालापूर चिरत गेला. खोपोली-रसायनीचे कारखाने आहेत. आणि याच रस्त्यांच्या, याच कारखान्यांच्या वर डोंगराच्या अंगाला चिकटून वाड्या आहेत. ठाकरवाडी, कातकरवाडी. वीस घरं, तीस घरं. जमिनी गेलेल्या, जंगल फॉरेस्टचं. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबच्या कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. तीस घरांच्या वाडीत सहा ते दहा वर्षांची पोरं किती असणार? बारा. पंधरा. वाडी लहान आहे हा वाडीचा गुन्हा नाही. कोणी हौसेने डोंगरावर राहायला गेलेलं नाही. सपाटीवरची जमीन कोणाकडे गेली ते सातबाऱ्यावर बघा.

म्हणजे वीसचा आकडा कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण पडतो कोणाच्या टाळक्यात? वाडीच्या, पाड्याच्या, तांड्याच्या, वस्तीच्या. जातीचं नाव न घेता जात बरोबर हुडकून काढणारा हा आकडा आहे.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. खालापूर तालुका, चौकच्या वर इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी. दरड आली. २७ प्रेतं हाती लागली. ५७ माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवला. बचावाला आलेल्या जवानांना पायी चढावं लागलं, कारण वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मशीन वर नेता येईना. स्वातंत्र्याला शहात्तर वर्षं होत आली होती नि तिथं रस्ता पोचला नव्हता. पण शाळा पोचली होती! जिल्हा परिषदेची शाळा. त्या रात्री त्या शाळेत बसलेली काही पोरं वाचली आणि त्यांनीच पहिली हाक दिली. खाली आश्रमशाळेत राहायला असलेलीही वाचली. सकाळी त्यांतली कितीतरी अनाथ होती.

हे मी रडवायला सांगत नाही. एवढंच सांगतो की अशा वाडीवर सरकार नावाची जी एकमेव बरी वस्तू चढून जाते ती म्हणजे शाळा. ती उचला, मग तिथं सरकार म्हणजे फॉरेस्टचा गार्ड आणि पाच वर्षांनी येणारं मतदानाचं मशीन.

आता समोरच्याचं म्हणणं नीट ऐकू. तो मूर्ख नाही, आणि त्याच्या बोलण्यात थोडं खरंही आहे. तो म्हणतो, बारा पोरं, चार-पाच इयत्ता, एक मास्तर, एक खोली. हे कसलं शिक्षण? त्यापेक्षा मोठी शाळा करू. प्रयोगशाळा देऊ, ग्रंथालय देऊ, मैदान देऊ, इयत्तेगणिक वर्ग देऊ. पोरांना गाडीने नेऊ-आणू. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शाळा संकुलाचं बोलतं. तोरणमाळला केलं, पानशेतला केलं.

ऐकलं. आता आमचं ऐका.

एक. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याखाली महाराष्ट्राने २०११ साली नियम केले: पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर कोणी मेहेरबानी म्हणून घातलेलं नाही. सहा वर्षांच्या पोराचे पाय एवढेच असतात म्हणून घातलंय. आणि कायद्याच्या परिशिष्टात साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलंय. किमान वीस पोरं हवीत असं कुठल्याही ओळीत नाही. सहावी ते आठवीला तर दर वर्गामागे निदान एक शिक्षक म्हटलंय. कायदा एक म्हणतो, शासन निर्णय शून्य म्हणतो. कायदा मोडणाऱ्या भुरट्याला पोलीस पट्ट्याने मारतात. या निर्णयावर सही करणाऱ्याला बढती मिळते.

दोन. गाडी कुठपर्यंत येणार? डांबरी संपते तिथपर्यंत. तिथून वाडी चढणीवर. जुलै-ऑगस्टात मध्ये ओढा असतो, साकव असला तर असला, नाहीतर पाणी उतरेपर्यंत थांबायचं. आणि गाडीचं बिल थकलं की गाडी येणं बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तीन. शाळा लांब गेली की पहिली कोण गळते? पोरगी. मुलगा मित्रांच्या घोळक्यात जातो तरी. पोरीला घरचे म्हणतात, धाकट्याला सांभाळ. दोन वर्षांत तिचं लग्न.

चार. ग्रंथालय द्यायचंय, विज्ञानाचा मास्तर द्यायचाय, खेळाचा मास्तर द्यायचाय? द्या की! पण मास्तर हलवा. मास्तरला पगार आहे, मोटारसायकल आहे, पाय मोठे आहेत. आठवड्यातून दोन दिवस विज्ञानाचा मास्तर या वाडीवर, दोन दिवस त्या वाडीवर. पुस्तकांच्या पेट्या फिरवा. संकुलाचा चांगला अर्थ असाही होतो. पण पोर हलवलं की खोली वाचते, पद वाचतं, पगार वाचतो. मास्तर हलवला तर काहीच वाचत नाही, उलट खर्च वाढतो. म्हणून पोरच हलवायचं.

आमच्या बंदरावर जहाजं रिकाम्या पेट्यासुद्धा वाहून नेतात, हजारोंनी. जिथं उद्या माल भरायचाय तिथं आज रिकामी पेटी पोचलीच पाहिजे, हे व्यापाऱ्याला कळतं. रिकाम्या लोखंडाला बोटीवर जागा आहे. बारा जित्या पोरांच्या खोलीला या राज्यात जागा नाही.

आणि हरामखोरी बघा. ९ फेब्रुवारी २०२४ ला याच सरकारने नियम बदलला, की खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेने गरिबांसाठीच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. म्हणजे श्रीमंताच्या शाळेत आमचं पोर बसू नये म्हणून सरकारला एक किलोमीटरवरची सरकारी शाळा बरोबर दिसली. आणि तीच शाळा टिकवायची वेळ आली की दिसत नाही. १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो नियम उडवला. त्यांना तो सुचला कसा, हे आपण विसरायचं नाही.

आता पैशाकडे या.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सांगितलं होतं, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर घाला. २०२० च्या धोरणाने पुन्हा तेच सहा टक्के लिहिले. जे आकडे पाळायचे नसतात ते पुन्हा पुन्हा लिहितात. जे पाळायचे असतात, वीससारखे, ते एकदाच लिहितात.

मग पैसा कुठून आणायचा? १८ सप्टेंबर २०२३, म्हणजे समूह शाळेच्या पत्राच्या तीनच दिवस आधी, दत्तक शाळेचा शासन निर्णय निघाला. कंपन्यांनी, दानशूरांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. रोकड नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या शाळेचा भाव पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना एक कोटी. बदल्यात तेवढा काळ शाळेला देणगीदाराचं नाव लावता येईल. दत्तक कोणाला देतात? ज्याचे आईबाप मेले त्याला. म्हणजे सरकारने स्वतःच स्वतःला मेलेलं जाहीर केलं. उद्या एखाद्या कारखान्याचं नाव शाळेवर लागेल, नि त्याच कारखान्यात कंत्राटावर खपणाऱ्या बापाचं पोर सकाळी त्या नावाखाली प्रार्थना म्हणेल. आणि बारा पोरांची डोंगरावरची शाळा कोण दत्तक घेणार? फलक लावला तरी वाचणार कोण, गुरं?

अंड्याचं ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुपारच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. कातकऱ्याच्या पोराच्या अंगावर मांस बघायचं असेल तर अंडं काय चीज आहे ते आयांना विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा काढून घेतला. लोकसहभागातून द्या म्हणाले. लोक म्हणजे कोण? वाडीतलेच ना? ज्याचं पोर उपाशी त्यानेच वर्गणी काढायची.

बाबासाहेबांनी हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. १२ मार्च १९२७, मुंबई कायदे कौन्सिल, शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर घालतं आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर काढतं. शाळेत शिरलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत टिकतात. या चालीने सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुली यायला तीनशे. हे बोलून आठ दिवसांनी, २० मार्चला, बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर होते. महाड आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. आपण तळं लक्षात ठेवलं, दर वर्षी गाड्या भरून जातो. आठ दिवस आधीचं भाषण मात्र विसरलो. पाणी आणि पाटी एकाच महिन्यात मागितली होती, दोस्तांनो.

आता मास्तरांकडे येतो. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही, नि ओवाळणारही नाही.

मी ज्या शाळेत शिकलो तिथं चार इयत्तांना एक गुरुजी होते. शाळेचं नाव लिहीत नाही. गुरुजी वाईट नव्हते. आठवड्यातून एकदा तरी तालुक्याला जायचे. कधी मीटिंग, कधी पगारपत्रक, कधी मतदारयादी, कधी कसली तरी माहिती 'तातडीने' द्यायची. ते गेले की कुलूप. आम्ही ओढ्यात खेकडे पकडायचो. दहावीला गणिताचा पेपर हातात आला तेव्हा मला कळलं की माझ्यातून नक्की किती दिवस चोरले गेलेत. कायद्याचं कलम २७ सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून मास्तरला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला सरकारने पुन्हा यादी काढली, कुठलं काम शैक्षणिक, कुठलं अशैक्षणिक. अहो, याद्या काय काढता? दोन मास्तरांच्या शाळेतला एक गेला तर अर्धी शाळा जाते. एकाच मास्तरची असेल तर सगळीच.

आणि मास्तर आणले कसे, तेही बघा. २००० सालापासून शिक्षणसेवक: तीन वर्षं मानधनावर राबा, मग पुढचं. २०१२ साली भरतीच गोठवली. २०१७ ला पवित्र पोर्टल काढलं. त्यातून पहिली माणसं यायला २०१९ उजाडलं. सात वर्षं डी.एड. झालेली आपली पोरं-पोरी टपऱ्या टाकून बसली, रिक्षा चालवत बसली. मग ७ जुलै २०२३ ला काय निघालं? निवृत्त गुरुजींना सत्तरीपर्यंत महिना २०,००० रुपयांवर पुन्हा घ्यायचं. सत्तरीचा म्हातारा डोंगर चढणार!

पुढचं आणखी भारी. ५ सप्टेंबर २०२४, शिक्षक दिन. त्याच तारखेचा शासन निर्णय: वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना १५,०००. शिक्षकांनी २५ तारखेला सामूहिक रजा टाकली. त्याआधी दोनच दिवस सरकारने वीसचे दहा केले होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्णयच मागे घेतला. लढलं की मागे घेतात, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. पण लगेच २०२५ सालीच आदिवासी विभागाच्या आश्रमशाळांतली १,७९१ पदं बाहेरच्या एजन्सीकडून भरायचं काढलं. या दारातून हाकललं तर त्या दारातून आत.

कंत्राटी म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या टोळीत दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. माणसं तीच, मुकादम तोच, घाम तोच. गेटपास तेवढा नवा. नाव बदललं की तुमची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. असा माणूस कामावर जीव लावत नाही, लावू शकत नाही. उद्या आपण इथं असू की नाही हे ज्याला माहीत नाही तो आजचं भागवतो. पेटीच्या बाबतीत ते चालतं, वरून सुपरवायझर बघतो. पोराच्या बाबतीत कोण बघणार? कातकऱ्याचं बुजरं पोर मास्तरजवळ बोलायला लागेपर्यंत सहा महिने जातात. तोवर मास्तरचं कंत्राट संपलं.

त्यातून प्रशिक्षण. त्याला नावांची कमी नाही. २०१९ ला निष्ठा, २०२१ ला निपुण. लिंक उघडा, व्हिडिओ बघा, फोटो टाका, प्रमाणपत्र काढा. १९९४ साली राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदं केली होती, की या माणसाने दहा-बारा शाळांत हिंडून मास्तरांना हात द्यावा. आज त्या पदावरचा माणूस सगळ्यात जास्त काय करतो? माहिती गोळा करून वर पाठवतो. वरच्याला तक्ता हवा असतो. मास्तरची अडचण साधी आहे: एका खोलीत पाच इयत्ता एकदम कशा शिकवायच्या, आणि मी नांदेड-बीडचा माणूस, या पोरांची कातकरी-ठाकरी बोली मला कळत नाही, काय करू? याचं उत्तर पनवेलच्या प्रशिक्षण संस्थेत बसून मिळत नाही. ते शेजारच्या वाडीवर मिळतं, जिथं दहा वर्षं टिकलेल्या एखाद्या बाईंना ते जमलंय. त्या बाईंकडे चार दिवस जाऊन बसू द्या. तेवढे दिवस याच्या शाळेत बदली माणूस द्या. हे खरं प्रशिक्षण. यात ठेका काढण्यासारखं काही नाही, म्हणून कोणाला सुचत नाही.

परीक्षेचंही बोलू. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. मास्तरला विषय आला पाहिजे, याला आमची ना नाही. आमच्याच पोरांचं त्यात भलं आहे. पण हीच टीईटी या राज्यात पैसे घेऊन वाटल्याचं उघड झालं. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली. हजारो उमेदवार बाद झाले. मास्तरची परीक्षा दर साल घ्या हो, पण परीक्षा घेणाऱ्याची कधी घेणार?

१८८२ साली जोतीराव फुले हंटर आयोगापुढे काय म्हणाले होते? बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. मास्तर शिकून तयार झालेला असावा, त्याला पुरेसा पगार द्या, आणि तो शेतकऱ्याच्या घरातला, हाताने काम करायला न लाजणारा असावा. तयारी, पगार आणि आपल्यातला माणूस. आज पहिलीचं ॲप झालं, दुसऱ्याचं मानधन झालं, तिसरीचा विषयच निघत नाही. प्रत्येक ठाकरवाडी-कातकरवाडीत आता बारावी झालेलं एखादं पोर आहे. त्याला त्याच शाळेत पगारावर घ्या, डी.एड. सरकारी खर्चाने करा, पाच वर्षांत तुमचा मास्तर तयार. तो बदली मागणार नाही, त्याचं घर तिथंच आहे.

उरला कारभार. शाळा कोणाच्या हातात?

जिल्हा परिषद अलिबागला. मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली. २०२५ साल सरलं तरी निवडणूक नव्हती, प्रशासकाचं राज्य. जवळजवळ चार वर्षं वाडीतल्या माणसाला जाब विचारायला कोणी निवडून आलेला माणूसच नव्हता. वर सांगितलेले बहुतेक शासन निर्णय याच चार वर्षांतले आहेत, हा योगायोग समजायचा असेल तर समजा.

पण निवडून आलेले आले की सगळं झालं, असंही नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती सोपवायला विरोध केला होता. कारण बोर्डांत कोण बसतं ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून नुसतं 'सत्ता खाली द्या' म्हणून भागत नाही. खाली कोणाच्या हातात, ते विचारा.

कायद्यात एक जागा आहे. कलम २१, शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश माणसं पालकच हवीत, निम्म्या बाया हव्यात, दुबळ्या घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. कागदावर असा हक्क आपल्याला देशात दुसऱ्या कुठल्या कचेरीत नाही. प्रत्यक्षात? रजिस्टर घरोघर फिरतं, अंगठे उठतात. कातकरी पालक तर दिवाळी ते मे वाडीत नसतोच. मग सभा भट्टीवर घ्या की! भट्टीचा मालक उचल वसूल करायला भट्टीवर पोचतो, सरकार का पोचत नाही?

भाई कोतवालांनी याच कर्जत तालुक्यात गावोगाव शाळा काढल्या होत्या, स्वयंसेवकांना घेऊन. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. दर २ जानेवारीला पुढारी तिथं हार घेऊन जातात. हार घालून उतरताना वाटेतल्या वाडीच्या शाळेत मास्तर किती आहेत, एवढं मोजलं असतं तरी पुरलं असतं.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरातलं.

सरकारी शाळा मेली तर वाईट कोणाला वाटतं? आपल्यातले जे शिकून साहेब झाले, मास्तर झाले, त्यांची पोरं कुठं आहेत? इंग्रजी शाळेत. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेने त्यांना उभं केलं तिच्या आवारात ते आता फक्त मत द्यायला जातात. मी कोणाच्या पोराचं इंग्रजी काढून घ्या म्हणत नाही, इंग्रजी आम्हालाही हवंय. पण बोलणारी, लिहिणारी, साहेबाला इंग्रजीत अर्ज करणारी माणसं निघून गेली आणि मागे राहिले ते अंगठेवाले. त्यांची शाळा बंद करायला मग काय लागतं? एक पत्र. पायरी चढून वर गेलेल्याने शिडी ओढून घेतली तर त्याच्यात नि मनूत फरक काय राहिला?

म्हणून मागण्या साध्या आहेत. वीसचा आकडा शाळेच्या दारावरून पुसा. पट बारा असो की चार, वाडीच्या शाळेला दोन कायम शिक्षक. सहावी ते आठवीचं शून्य रद्द. समितीच्या, म्हणजे आईबापांच्या, उघड सभेतल्या ठरावाशिवाय कुठलीही शाळा हलवायची नाही. शिक्षक कंत्राटावर नाही. अंडं पुन्हा सरकारच्या पैशाने.

आणि आपलं काम? जूनच्या मध्यात शाळा उघडतात. प्रत्येक छावणीने आपल्याजवळची एक सरकारी शाळा धरायची. मुंबईतल्यांनी महापालिकेची, कर्जत-खालापूरच्यांनी वाडीवरची. तीन कागद मागायचे: पट किती, संचमान्यतेत मंजूर शिक्षक किती नि हजर किती, समितीचं रजिस्टर कुठाय. नाही दिले तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. दिले तर समितीतल्या बायांना एकत्र बसवून ते वाचून दाखवायचे, मोठ्याने, त्यांच्या बोलीत. पुढचं काय करायचं ते त्या सांगतील.

येत्या जूनमध्ये मी पाळी बदलून घेऊन वाडीवर जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कर्जतची पहिली लोकल धरावी.

जय भीम.